पाठ केलेली साठ उत्तरं आधी बाजूला ठेवा

प्रश्न : मुलगी सातवीत, मराठी माध्यमात आहे. आमची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची (आरआयएमसी) लेखी परीक्षा ती पास झाली, महिन्याभरात मुलाखत आहे. क्लासने इंग्रजीतली साठ प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली, पण मध्येच थांबवलं की ती गडबडते. काय करावं?

उत्तर : ताई, लेखीचे तीन पेपर ४०० गुणांचे, मुलाखत फक्त ५० गुणांची. पण मुलाखतीतही किमान ५० टक्के, म्हणजे २५ गुण मिळवावेच लागतात. त्यामुळे तिची तयारी हवीच, फक्त पाठांतराने ती होणार नाही. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येतं. मुलाची नजर वर जाते, आवाज एकसुरी होतो. मग समोरचे मुद्दाम मध्ये तोडतात आणि उपप्रश्न विचारतात. लेक गडबडते ती इथेच, कारण पाठांतरात उपप्रश्न नसतात.

तिच्याकडे बोलण्यासारखं भरपूर आहे. ‘वडील काय करतात?’ याचं उत्तर ‘फार्मर’ एवढ्यावर थांबू नये. बागेत डाळिंबाची जात कोणती, भगवाच का लावली? कोणता बहार (फुलोऱ्याचा हंगाम) धरता आणि का? तेल्या रोग पडला की फळावर काय दिसतं? सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे, हे तिला माहीत हवं. तोंडी गणितही इथूनच निघू शकतं : साडेचार बाय तीन मीटरवर झाडं लावली तर हेक्टरी किती? हेक्टरचे दहा हजार चौरस मीटर भागिले साडेतेरा, म्हणजे सुमारे ७४०. हे तिला वडिलांबरोबर बागेत फिरताना शिकवा, वहीत उतरवून देऊ नका.

इंग्रजीची भीती वाटणं साहजिक आहे, पण प्रश्न इंग्रजीतच येतील असं धरून चाला. छोटी वाक्यं पुरतात : ‘वुई ग्रो पॉमग्रॅनेट्स. द व्हरायटी इज भगवा.’ व्याकरण थोडं चुकलं तरी तिने वाक्य पुरं करावं, मध्येच मागे जाऊन दुरुस्त करत बसू नये. प्रश्न कळला नाही तर ‘पार्डन, सर’ किंवा ‘पार्डन, मॅडम’ म्हणावं. उत्तर येत नसेल तर ‘सॉरी सर, आय डोन्ट नो’ म्हणून थांबावं. अंदाजाने ठोकलेल्या उत्तरावर पुढचे तीन प्रश्न येतात आणि मूल खोलात जातं.

रोज वीस मिनिटं सराव पुरे, पण तो तुमच्यासमोर नको. गावातले माजी सैनिक, बँकेतले अधिकारी, दुसऱ्या शाळेतल्या बाई अशा तीन-चार अनोळखी मोठ्यांसमोर तिला बसवा. त्यांना सांगा, प्रत्येक उत्तरावर ‘का?’ आणि ‘कसं?’ विचारा. छंद ‘वाचन’ सांगणार असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यात काय आवडलं, हे तिला सांगता आलं पाहिजे. नाहीतर जो खेळ ती खरंच खेळते तोच सांगावा, मैदानाच्या मापांसकट.

संस्थेबद्दल थोडं, पण नीट : स्थापना १३ मार्च १९२२, मुलींना प्रवेश २०२२ पासून, पहिले परमवीरचक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा इथलेच विद्यार्थी. तिन्ही दलांचे प्रमुख आणि हुद्दे, आठवड्यातल्या चार-पाच मोठ्या बातम्या, आपल्या जिल्ह्यातल्या नद्या आणि उजनी धरण, एवढं पक्कं असू द्या.

‘इथे का यायचंय?’ हा प्रश्न येणारच. ‘देशसेवा करायची आहे’ हे वाक्य खोटं नाही, पण प्रत्येक मूल तेच म्हणतं. तिला हे कधी आणि कशामुळे वाटलं, ते तिच्याकडूनच मराठीत काढून घ्या आणि मग दोघी मिळून इंग्रजीत मांडा. घरापासून लांब राहण्याबद्दलही आत्ताच मोकळेपणाने बोला. ‘आईची आठवण येईल, पण मला जायचंय’ असं ती म्हणाली तर काही बिघडत नाही. ‘अजिबात येणार नाही’ यावर मात्र कुणाचा विश्वास बसत नाही.

जन्मदाखला, बोनाफाईड, अधिवास आणि लागू असल्यास जातीचा दाखला आजच समोरासमोर ठेवा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे ना, ते पाहा, कारण दुरुस्तीला आठवडे जातात. निवड झाली तर पुढे लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी असते, म्हणून डोळे, किडलेले दात आणि कानातला मळ याच महिन्यात दाखवून घ्या.