रविवारी रात्री पाहुणा म्हणाला, ‘उद्या अजिंठा’…

प्रश्न : ताई, मी भुसावळचा. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालाय, सध्या जळगावात स्टेशनजवळच्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलातून कॉन्सिअर्ज डेस्कसाठी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय. इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळतो. मुंबईच्या पोरांपुढे माझा निभाव लागेल का?

उत्तर : लागेल, भाऊ. मुंबईत त्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली, पुढे मुलं निवडायलाही बसले. अडखळणाऱ्या इंग्रजीपेक्षा ठोकून दिलेलं उत्तर जास्त नडतं. गाडी, तिकीट, हॉटेलातलं टेबल, अर्ध्या रात्री लागलेलं औषध, पाहुण्याला बाहेरचं जे हवं ते जुळवून द्यायचं हे काम. त्यामुळे तुला किती माहीत आहे यापेक्षा तू खात्री कशी करून घेतोस, हे तिथे बघतात.

मी एक प्रश्न हमखास विचारायचे. रविवारी रात्री पाहुणा म्हणतो, उद्या अजिंठा बघायचंय. बहुतेक मुलं लगेच गाडी सांगायला निघायची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणजे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावला, की दोन्ही दिवस सार्थकी लागतात. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून पुढे चार किलोमीटर बसने जावं लागतं, मग पायऱ्या. सोबत कुणी वयस्कर आहे का, हे आधी विचारायचं, म्हणजे डोलीचं सांगता येतं. हे सगळं तुझ्या अंगणातलं आहे, बिनधास्त बोल. त्याच नजरेने मुंबईही बघून घे. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेच्या होड्या थांबतात.

एका गोष्टीत मात्र आपली खान्देशी सवय आड येते. लग्नसराईत कुणी काउंटरवर येऊन ‘आमचे मेहुणे उतरलेत, कोणती रूम?’ विचारतं आणि आपण माणुसकीने सांगून टाकतो. तिथे हे चालत नाही. खोलीचा नंबर तर सोडच, तो पाहुणा आपल्याकडे उतरलाय की नाही हेसुद्धा बोलायचं नाही. ‘आपलं नाव आणि निरोप द्या, असे पाहुणे असतील तर पोचवतो,’ एवढंच. हा प्रश्न ते वळणं घेऊन विचारतील. कायद्याबाहेरचं काही मागितलं, तर नम्रपणे पण सरळ नाही म्हणायचं.

समोरच्याच्या कोटावर एकमेकींवर आडव्या सोनेरी किल्ल्या दिसल्या, तर ती ‘ले क्ले दॉर’ या कॉन्सिअर्जांच्या संघटनेची खूण. 1929 मध्ये पॅरिसात तिची सुरुवात झाली. त्या किल्ल्या अनुभवानंतरच मिळतात, म्हणून त्यांच्याबद्दल आपणहून विचार. आवडतं त्यांना.

अनुभव विचारला तर जळगावचाच सांग. भरीत खायला निघालेल्या परक्या पाहुण्याला तिखट चालतं का, हे तू आधी विचारलं असशील, तर तेही सांगण्यासारखं आहे.

आणि एक दिवस आधी जा. त्या हॉटेलाभोवती पायी फिर. रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं औषधाचं दुकान, टॅक्सी उभ्या राहतात ती जागा, जवळच्या स्टेशनला चालत लागणारा वेळ, सगळं वहीत टिपून घे आणि ती वही खिशात ठेवूनच आत जा.