सेंट अँड्र्यूजचा टी-टाईम: एजंटला लाखो देण्याआधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात मित्राबरोबर स्कॉटलंडला जाताय, सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर एकदा खेळायचंच आहे, आणि एजंट खात्रीच्या टी-टाईमचं (खेळ सुरू करायच्या राखीव वेळेचं) पॅकेज गळ्यात मारतोय, घ्यावं का. माझं मत, लगेच घेऊ नका. मीही असाच एकाकडे गेलो होतो, आकडा ऐकून चहा अर्धा टाकून उठलो.

मुळात हा काही बड्या लोकांचा खासगी क्लब नाही हो. जमीन सार्वजनिक, कारभार १९७४ च्या कायद्याने झालेल्या ट्रस्टकडे, त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्याला सोडत आहे, तिकडे बॅलट म्हणतात, आपल्या म्हाडासारखंच समजा फक्त निकाल त्याच दिवशी लागतो. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत ऑनलाईन नावं टाकायची, किमान दोघं लागतात, म्हणजे तुमचं ते जमलंच. रविवारी कोर्स बंद असतो, आणि सोमवारसाठी शनिवारीच टाकायचं, हे लोक हमखास विसरतात. हँडिकॅपचं (म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं) सर्टिफिकेट लागतं, आपलं इंडियन गोल्फ युनियनचं चालतं, प्रिंट काढूनच न्या. फी सीझनला ३०० पौंडांच्या वर आहे, ती काही चुकत नाही.

नंबर लागला नाही तर एकेकट्यासाठी वेगळी सोडत असते, त्यासाठी आदल्या दिवशी तिथे स्वतः जाऊन नाव द्यावं लागतं. पूर्वी लोक रात्रभर पॅव्हेलियनबाहेर थंडीत रांग लावायचे, २०२४ पासून ते बंद झालं.

म्हणून सांगतो, एडिनबराहून एका दिवसात जाऊन यायचा बेत करू नका, गावातच चार-पाच रात्री मुक्काम टाका. ट्रेन ल्यूकर्सपर्यंत, पुढे बस, दहा-पंधरा मिनिटं. रोज सोडतीत नाव टाका आणि तोवर शेजारच्या न्यू कोर्सवर खेळा (नाव न्यू, पण १८९५ चा आहे), नाहीतर जुबिली या दुसऱ्या कोर्सवर. आमचं नाव दोनदा आलं नाही, तिसऱ्या दिवशी आलं. मधल्या रविवारी आम्ही ओल्ड कोर्स नुसता चालून पाहिला, तेव्हा तो चक्क गावाची बाग असतो, लोक कुत्री फिरवतात, पोरं स्विलकन ब्रिजवर, म्हणजे अठराव्या होलवरच्या जुन्या दगडी पुलावर, चढून फोटो काढतात, आणि त्या फेरीचा मला खेळताना जेवढा उपयोग झाला तेवढा एकाही यूट्यूब व्हिडिओचा झाला नव्हता.

कारण खरं सांगू का, पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं, एवढंच? झाडं नाहीत, सगळं सपाट माळरान. बंकर (वाळूचे खड्डे) मात्र ११२, आणि टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, त्यातले निम्मे दिसत पण नाहीत. सात ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दोन-दोन होल्सना सामायिक आहेत, जाताना पांढरे झेंडे आणि येताना लाल, मी एकदा चुकीच्या झेंड्याकडे मारला आणि मग जो पट (ग्रीनवर बॉल लोळवायचा फटका) शिल्लक राहिला तो आपल्या येरवड्याच्या कोर्सवर ग्रीनबाहेरून चिप करावी (छोटा उचलून मारावा) लागेल एवढा लांब. तुमचा बॉल उजवीकडे वळत असेल, म्हणजे तुम्ही स्लाईस मारत असाल (मी मारतो), तर उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं वाट बघतायत, डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे (मोकळा गवताचा पट्टा) आहे, म्हणून कॅडी (बॅग उचलणारा, वाट सांगणारा सोबती) दिवसभर एकच मंत्र म्हणतो, डावीकडे मारा. कॅडी घ्याच, तिथे पैसे वाचवू नका. बग्गी (बसून फिरायची छोटी गाडी) सहसा मिळत नाही, चालायची सवय करून जा. आणि जमीन इतकी टणक असते की बॉल पडून पळतो, त्यामुळे ग्रीनबाहेर तीस-चाळीस यार्डांवरूनही पटरच (ग्रीनवर बॉल लोळवायची काठी) काढा, आधी लाज वाटते, मग कळतं की सगळेच तसं करतायत.

सतराव्या होलबद्दल थोडं जास्त लिहितो. टीवरून समोर हॉटेलच्या शेड, त्यावर मोठ्या अक्षरात हॉटेलचं नाव, आणि कॅडी शांतपणे सांगतो, त्या अमुक अक्षरावरून मारा. मारला, गेला, मी खूश. दुसरा शॉट ग्रीनच्या डाव्या अंगाला वळला आणि रोड बंकरमध्ये. १९७८ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जपानचा गोल्फर नाकाजिमा याच बंकरमध्ये अडकला होता आणि या एका होलवर ९ फटके लागले होते त्याला, हे मला माहीत होतं, तरी हुशारी केली. भिंत हिरवळीच्या थरांची, सरळ उभी, माझ्या छातीपर्यंत. झेंड्याकडे दोनदा मारलं, दोन्ही वेळा बॉल भिंतीला आपटून पायाशी परत. कॅडीने काही न बोलता नुसतं मागे बोट दाखवलं. मग मागे मारून बाहेर आलो. एकूण आठ फटके.

स्विलकन ब्रिजवरचा आमचा फोटो त्यानंतरचा दहा मिनिटांतला आहे, त्यात मी हसतोय ते कॅमेऱ्यासाठी.

बाकी मे मध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण वारा बोचरा, कानटोपी आणि चांगलं रेनजॅकेट न्या, व्हिसाचा अर्ज वेळेत टाका. तुमच्या दोघांचे हँडिकॅप किती आहेत ते लिहा, मग न्यू की जुबिली ते सांगतो.