पालखी दाराशी येणार नाही म्हणतात

प्रश्न : मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीने २५ हजारांचा दंड ठोठावलाय. भरला नाही तर शिमग्याला पालखी दारात येणार नाही, कुणी आमच्याशी बोलणार नाही. काय करावं? (एक वाचक, रायगड)

उत्तर : दंड भरू नका. सज्ञान मुलीने कुणाशी लग्न करावं, हा गावकीचा विषयच नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने वाळीत टाकणं हा दखलपात्र गुन्हा ठरवलाय. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कार ठरवण्याच्या बैठकीत त्याच्या बाजूने मत देणाराही त्यात येतो.

तक्रार बहुतेकदा फसते ती मोघम लिहिल्यामुळे. ‘गाव त्रास देतं’ एवढ्यावर काही होत नाही. बैठक कधी, कुठल्या देवळात, दंड कोणी सुनावला, दुकानदाराने कोणत्या दिवशी मीठ-तेल नाकारलं, हे तारखेनिशी आणि नावानिशी लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नका. ठाण्यात नुसती एनसी (तपास न करता केलेली अदखलपात्र नोंद) करून परत पाठवू लागले तर एफआयआरचाच आग्रह धरा. तरीही टाळलं, तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. तडजोड तुमच्या संमतीशिवाय आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय होत नाही, म्हणून देवळात बसून कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नका.