ब्लाउज ३६ चा लागतो, मग ब्रा ३६ ची का बसत नाही? घरच्या घरी माप कसं घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की ब्लाउज ३६ चा लागतो म्हणून ब्राही ३६ चीच घेता, तरी मागची पट्टी मानेकडे चढते आणि खांद्यावर वळ उठतात. चूक त्या 'म्हणून'मध्येच आहे.

मी घरी ब्लाउज शिवते. आम्ही छाती ३६ म्हणतो तो सगळ्यात भरलेला घेर. ब्राचा आकडा मात्र छातीच्या खालच्या घेरावरून येतो, पट्टी बसते तिथून. शिवणकाम येत असूनही मी स्वतः कित्येक वर्षं ३६ च घेत होते. दुकानातले काका काउंटरपलीकडून नुसतं बघून "छत्तीस होईल ताई" म्हणायचे, आणि मी मान खाली घालून काळी पिशवी उचलायचे.

माप घेण्याआधी टेप तपासा. मशीनच्या खणातली जुनी टेप ताणून लांब झालेली असते. मुलांच्या कंपासपेटीशेजारची ३० सेंमीची पट्टी तिला लावून बघा. माझ्या जुन्या टेपवर पट्टी संपायची तिथे साडेएकोणतीसच दिसायचे. म्हणजे पूर्ण घेरात सेंटीमीटरभर तरी फरक! टेप नसेल तर न ताणणारी नाडी घ्या, खूण करा आणि पट्टीवर मोजा.

माप इंचात नको, सेंटीमीटरमध्ये घ्या (कारण खाली येतंय). पॅड नसलेली पातळ ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा. टेप छातीच्या अगदी खालून फिरवा, श्वास सोडा आणि घट्ट धरा. पाठीवर ती हमखास खाली घसरते, तेव्हा एका बाजूला वळून आरशात एकदा बघाच. मग भरलेला घेर. इथे टेप नुसती टेकवायची, आवळायची नाही. छाती जड असेल तर हे दुसरं माप कमरेतून वाकून घ्या, उभ्याने ते कमी भरतं. पाळीच्या आधीचे दिवसही टाळा, तेव्हा छाती भरून आलेली असते.

माझं माप सांगते. खाली ७६, भरलेला घेर ९३, फरक १७.

आता ब्राच्या खोक्यावर किंवा लेबलवर बघा. बऱ्याच ठिकाणी ३४ च्या शेजारी बारीक अक्षरात ७५ छापलेलं असतं. ते ७५ म्हणजे खालचा घेर, साधारण ७३ ते ७७ सेंमी. ३४ हा आकडा मात्र अंगावर कुठेच मोजून सापडणार नाही. खालच्या घेरात चार-पाच इंच मिळवायची जुनी पद्धत आहे, तिच्यातून तो आलाय. तसंच ७० ला ३२, ८० ला ३६, ८५ ला ३८. कप फरकावरून ठरतो: १२ ते १४ सेंमी असेल तर ए, १६ पर्यंत बी, १८ पर्यंत सी, २० पर्यंत डी. म्हणजे मी ३४ सी. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे त्यांच्या तक्त्यातला खालच्या घेराचा रकाना बघून मगच घ्या.

नवी ब्रा घालताना हुक सगळ्यात बाहेरच्या, सैल ओळीत लावा. इलॅस्टिक पुढे सैल होणारच, आतल्या ओळी तेव्हासाठी ठेवायच्या. पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात ओढून घ्या. हे न करता "कप मोठा होतो" म्हणणाऱ्या खूप जणी मला भेटल्यात. मग खांद्यावरचे पट्टे उतरवून बघा. पट्टी जागची हलता कामा नये, भार तिनेच पेलायचा असतो. हात वर केल्यावर ती उचलली गेली तर ब्रा घेरात मोठी आहे. तुमचे पट्टे रुततात ते यामुळेच: पट्टी सैल, मग सगळं ओझं खांद्यावर.

एक मात्र सांभाळा. लहान गावातल्या दुकानात सी कप बहुतेक नसतोच. मग "एकच आहे हो" म्हणत ३६ बी पुढे करतात. कपापुरतं ते खरंही आहे, ३४ सी आणि ३६ बी यांच्या कपात सारखंच मावतं. म्हणून तर पुढून सगळं ठीक वाटतं आणि दोष पाठीवर दिसतो. ती घेऊ नका, तुम्ही आत्ता बहुधा तीच घालताय.