गावचं छप्पर दरवर्षी बघायलाच हवं का?

प्रश्न : आमचं दापोलीजवळ कौलारू घर आहे, आम्ही मुंबईला. गळत तर नाही, मग दरवर्षी माणूस लावून छप्पर कशाला तपासायचं?

उत्तर : अहो, गळायला लागलं म्हणजे आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. एक कौल सरकलं की पाणी रिपेवर (कौलांखालची आडवी लाकडी पट्टी), तिथनं वाशात (छपराचं तिरकं लाकूड) मुरतं, ओल्या लाकडाला वाळवी धरते आणि बंद घरात ते कुणाला दिसतच नाही. म्हणून मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं नीट लावून फुटकी बदलणं, कराच, आणि गणपतीला सगळे जमता तेव्हा पुन्हा एकदा माळ्यावर चढून बघा. दुपारी आतनं वर पाहिलं की कुठून उजेड येतो ते लगेच कळतं, वासे ठोकून बघायचे, पोकळ आवाज आला की सुताराला दाखवा. वानरं फिरून गेली असतील तर कौलं फुटलेली असणारच. पन्हळीतला पालापाचोळा काढा. पत्र्याची पडवी असेल तर खाऱ्या हवेनं आधी बोल्ट गंजतात, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्याकडे किती पत्रे उडाले ते आठवा. फक्त स्वतः कौलांवर चालू नका हो, पावसाळ्यात तर अजिबात नाही, शेवाळावरून पाय सटकतो.