पहिला सोलर सेन्सर करताय? आधी खर्च मोजा

कुंडीतला ओलावा मोजणारा सेन्सर बॅटरी न बदलता वर्षभर चालवायचा बेत छान आहे. पण 'पॅनल कोणतं घेऊ?' हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, तुमचं सर्किट वीज खातं किती?

ईएसपी३२ (सेन्सर वाचून वाय-फायने डेटा पाठवणारी छोटी कंट्रोलर चिप) गाढ झोपेत, म्हणजे जवळपास सगळं बंद असताना, साधारण १० मायक्रोअँपिअरवर भागवतो. हा आकडा नुसत्या चिपचा. तयार बोर्डावरचा एलईडी, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर मिळून झोपेतही काही मिलिअँपिअर खाऊ शकतात. मी इथेच फसलो. पॅनल मोठं करत बसलो आणि चोर बोर्डावरच होता! म्हणून झोपेतला करंट मल्टीमीटरने मोजाच.

हिशेब असा: दर १५ मिनिटांनी २ सेकंद जाग, तेव्हा १०० मिलिअँपिअर. दिवसाचे झाले जेमतेम साडेपाच मिलिअँपिअर-तास. झोपेत ५ मिलिअँपिअर गळत असतील, तर तेच १२० ने वाढतात.

हमखास होणाऱ्या चुका:

- घरातल्या उजेडावर भरवसा. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स मिळतात, खोलीत ३००-५००. डोळ्यांना एवढा फरक जाणवत नाही, पॅनलला जाणवतो.
- एप्रिलच्या उन्हावर पॅनल निवडणं. निवडायचं ते जुलैतल्या झाकोळलेल्या आठवड्यासाठी, आणि तेवढे दिवस पुरेल अशी बॅटरीही हवी.
- दर मिनिटाला डेटा पाठवणं. कुंडी काय मिनिटात वाळते?

कंपनातून, उष्णतेतून वीज काढायचा मोह सध्या आवरा. एमपीपीटीसुद्धा (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं सर्किट) नंतर. झोपेतला आकडा कळवा, मग पॅनलचं बोलू.