अभिनयातून संगीत दिग्दर्शनाकडे वळून यशस्वी झालेलं कोणी आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय सत्तावीस आहे, नाटकांत आणि मालिकांत लहान भूमिका मिळतात, पण घरी कीबोर्ड घेऊन बसलात की रात्र कशी सरते कळत नाही. अभिनयात घालवलेली वर्षं आता फुकट जाणार का, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. मी वाद्यवृंदात बावीस वर्षं पेटी आणि कीबोर्ड वाजवतोय. त्यातल्या कितीतरी रात्री ज्या माणसाची गाणी वाजवली, त्याचीच गोष्ट सांगतो: सी. रामचंद्र, म्हणजे आमच्या क्षेत्रात सगळ्यांचे अण्णा.

रामचंद्र नरहर चितळकर, जन्म 1918, गाव पुणतांबा. पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकले, पण सिनेमात आले ते नट म्हणून, आणि तेही थेट नायक. 1935 साली ‘नागानंद’ नावाच्या चित्रपटात हा सतरा वर्षांचा मुलगा नायक होता. चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका. तुम्ही आज जिथे आहात तिथेच ते तेव्हा होते, फरक असलाच तर एवढाच की ते नायक होऊन खाली आले होते.

यापुढची त्यांची चाल मला फार मोलाची वाटते. ते स्टुडिओ सोडून गेले नाहीत. त्याच मिनर्व्हात संगीतकारांच्या हाताखाली पेटीवर बसले. पेटीवाला म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. चाल जन्माला येताना तो तिथे असतो. कुठली ओळ का टाकून दिली, गायकाचा श्वास कुठे तुटतो, दिग्दर्शक कशावर मान हलवतो, हे सगळं तो रोज बघतो. संगीतकार म्हणून पहिली संधी अण्णांना तमिळ चित्रपटांत मिळाली आणि 1942 मध्ये भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीत पाय रोवला गेला. म्हणजे नायक म्हणून अपयश आल्यापासून सात वर्षं. ‘शहनाई’ आला 1947 साली आणि ‘आना मेरी जान, संडे के संडे’ घरोघरी पोचलं. हे हिशेब मुद्दाम देतोय, कारण दोन वर्षांत काही झालं नाही म्हणून वाद्यं विकून टाकणारी मुलं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या शंकेकडे येतो. नटाची वर्षं वाया गेली का? अजिबात नाही, आणि याचा पुरावा त्यांच्या आवाजात आहे. ते स्वतः ‘चितळकर’ या नावाने गात. ‘पतंगा’मधलं (1949) ‘मेरे पिया गये रंगून’ घ्या. ते टेलिफोनवरचं संभाषण आहे. शमशाद बेगम एका टोकाला, चितळकर दुसऱ्या टोकाला. त्यातला पुरुष गातो म्हणण्यापेक्षा बोलतो, गयावया करतो. पडद्यावर विनोदी नट गोप आहेत, पण डोळे मिटले तरी तो माणूस दिसतो. ‘अलबेला’त (1951) भगवानदादांसाठी ‘शोला जो भडके’ गाताना त्यांचा आवाज खांदे उडवून नाचतो. आणि ‘आझाद’मधलं (1955) ‘कितना हसीं है मौसम’? तिथे त्यांनी तलत महमूदांचा मखमली ढंग असा उचललाय की अजूनही कार्यक्रमांत लोक आम्हाला ‘तलतचं ते गाणं वाजवा’ अशी चिठ्ठी पाठवतात. भूमिकेत शिरण्याची सवय नसलेल्या माणसाला हे जमणं कठीण. ‘अनारकली’तल्या (1953) ‘ये ज़िंदगी उसी की है’चा भीमपलासही मला त्याच नजरेचा वाटतो. राग मांडून दाखवायचा नाही, मरणाच्या दारात उभी असलेली ती मुलगी दाखवायची, एवढंच त्या चालीला ठाऊक आहे.

प्रोड्यूसर व्हायचंय असंही तुम्ही म्हणता. आज तो शब्द चाल, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण सगळ्यांना मिळून वापरतात. त्या काळी ही कामं वाटलेली असत, आणि अण्णांचा मोठेपणा असा की कोणाला जवळ करायचं हे त्यांना कळलं. गोव्याच्या हळदोण्यातून आलेला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक मुंबईत जॅझ वाजवायचा. त्याला त्यांनी सोबत घेतलं. ‘अलबेला’च्या वाद्यमेळात तो झगमगाट आहे, आणि तो व त्याचा बँड चित्रपटात दिसतोही. ब्रास, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एकीकडे आणि ‘धीरे से आजा री अंखियन में’सारखी अंगाई दुसरीकडे, एकाच चित्रपटात. लॅपटॉपवर सगळी वाद्यं एकट्यानेच भरताना हे लक्षात ठेवा. निदान एक खरा वादक घरी बोलवा, तो काय सुचवतो ते ऐका, आणि त्याचे पैसे त्याच दिवशी द्या.

पैसे घालून चित्रपट काढण्याच्या अर्थानेही ते निर्माते झाले. 1953 साली ‘झांझर’, पुढे मराठीत ‘धनंजय’ (1966) आणि ‘घरकुल’ (1970). या दोन मराठी चित्रपटांत त्यांनी संगीत दिलं आणि भूमिकाही केल्या. तीसेक वर्षांपूर्वी सुटलेला तोंडाचा रंग त्यांनी स्वतःच्या चित्रपटासाठी पुन्हा लावला. पण लोकांच्या ओठांवर काय राहिलं? सुरेश भटांची ‘मलमली तारुण्य माझे’ ही आशाबाईंनी गायलेली रचना आणि ‘पप्पा सांगा कुणाचे’. ‘पप्पा सांगा’मध्ये अरुण सरनाईकांचा आवाज आहे, म्हणजे तिथेही एक नटच गातोय. निर्माता अण्णांपेक्षा संगीतकार अण्णा कितीतरी मोठे, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून निर्मितीत स्वतःची पुंजी घालण्याची घाई तुम्ही करू नका.

लहान भूमिका सोडू नका, इतक्यात तरी. ज्या नाटकात काम करता त्याच नाटकाचं पार्श्वसंगीत मागून घ्या. तालमीला तुम्ही रोज असताच, प्रवेश कुठे ढिला पडतो हे बाहेरून येणाऱ्या संगीतकारापेक्षा तुम्हाला आधी कळेल. आणि आज रात्री ‘मेरे पिया गये रंगून’ आणि ‘कितना हसीं है मौसम’ ही दोन गाणी हेडफोन लावून लागोपाठ ऐका. दोन्हीकडचा पुरुष एकच आहे हे मनाला पटायला मला स्वतःला तीन वेळा ऐकावं लागलं होतं.

तुमची एखादी चाल कुठे ऐकायला मिळत असेल तर खाली लिहा. मी नक्की ऐकेन, आणि वाद्यमेळाबद्दल जे कळतं ते सांगेन.